बोट ओढणारी गाडी

आमचा धंदा असा आहे की जेवताना त्याचं नाव कोणी काढत नाही आणि जेवण झालं की सगळे आम्हालाच शोधतात. लग्न असो, सभा असो, सामने असोत, माणसं जमली की आमचा ट्रेलर लागतो. चार खोल्यांचा, आतून पांढराशुभ्र, प्रत्येक खोलीत आरसा असलेला, चाकांवरचा संडास. मी त्याला संडासच म्हणते. माझा मुलगा त्याला 'स्वच्छता सेवा' म्हणतो. या मुलाला घरात आम्ही राजे म्हणतो, त्यामुळे त्याचं तो काहीही म्हणू शकतो. टाकी त्याने हलकी होत नाही.

नवरा गेल्यावर हा धंदा मी उभा केला. शाळेचं आणि माझं चौथीतच बिनसलं, पण कुठल्या कार्यक्रमाला किती खोल्या लागतील हे मला मांडलेल्या खुर्च्या बघून कळतं. पुढच्या रांगेत सोफे असतील तर एक खोली पाहुण्यांसाठी कुलूप लावून ठेवायची. हे कुठल्या पुस्तकात नाही.

तर आमचा ट्रेलर ओढणारा टेम्पो एका चढावर धूर ओकत बसला तो कायमचा. टेकडीवर खेळाचं मैदान आहे, तिथे दर रविवारी सामने. वर्षाची निम्मी कमाई त्या टेकडीवरून खाली येते. तिथल्या व्यवस्थापकाचा फोन आला. "काकू, या रविवारी ट्रेलर दिसला नाही तर मी दुसऱ्याला बोलावतो. माणसं झाडामागे जायला लागलीत, आणि झाडंही फार नाहीत आमच्याकडे."

म्हणजे रविवारच्या आत गाडी हवी. नवीन घ्यायची ऐपत नाही, म्हणून जुनी एसयूव्ही बघायची ठरली. राजांनी फोनवर आधीच एक पसंत करून ठेवली होती. पांढरी, चकचकीत, छताला काच.

"छताला काच कशाला?" मी विचारलं.

"आकाश दिसतं, आई."

"तुला रस्ता दिसला तरी पुरे आहे."

खरं तर गाडी चालवते ती सून. लग्नाआधी ती मालाचा ट्रक चालवायची. राजे चालवतात, पण सपाटीवर, आणि कोणी बघत असेल तर. सून बोलते कमी. तिच्या वाटचं राजे बोलतात, आणि त्यांच्या वाटचं काम ती करते. संसार ठीक चाललाय.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे आम्ही तिघं गेलो. वाटेत राजे म्हणाले, "आई, तिथे आपण काय ओढतो ते सांगू नकोस. उगाच."

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. ज्या धंद्यावर तू वाढलास, ज्या धंद्यातून तुझे बूट आले, त्याची लाज वाटते तुला? तो खिडकीबाहेर बघत राहिला.

व्यापारी गोड माणूस. बसायला गादीची खुर्ची, वर खास धुतलेलं कव्हर. "बसा मावशी," म्हणाला. "ओढायला काय आहे आपल्याकडे?"

मी त्या कव्हरकडे बघितलं. पांढरं होतं हो. आणि माझ्या तोंडून निघालं, "बोट."

ही लाज नव्हे. हा व्यवहार. बोटवाल्यांना चहा मिळतो, तो लगेच आलाही. राजांचा चेहरा असा उजळला, जणू लहानपणापासून त्याला अशीच आई हवी होती.

पण व्यापारी निघाला बोटींचा वेडा. "वा. किती लांब? इंजिन कुठलं? सोडता कुठे?"

"तलावात," राजे म्हणाले. "दर रविवारी. मासे धरतो. पहाटेचं ते धुकं, ती शांतता..." याने आयुष्यात बादलीत पाय घातला नव्हता.

"नाव काय ठेवलंय बोटीचं?"

"अजून ठरत नाहीये," सून म्हणाली. "प्रत्येक जण वेगळं काढतो."

व्यापारी खूश होऊन आम्हाला पांढऱ्या गाडीकडे घेऊन गेला. मागे हुक होता, आधीचा मालकही म्हणे बोटवालाच. किंमत आमच्या पैशात कशीबशी बसत होती. राजे आत बसून आकाश बघू लागले. सून मात्र वाकून चाकांच्या आत बघत होती.

"उतारावर मागे भरलेलं असेल तर थांबेल का ही?" तिने विचारलं.

"भरलेलं म्हणजे?" व्यापारी हसला. "ताई, बोट भरली तर ती बोट राहते का? पाण्यावर तरंगणारी वस्तू, हलकीच असणार. हिला काही कळणारसुद्धा नाही मागे बोट आहे म्हणून."

आमचं गणित उलटं असतं. टेकडीवर ट्रेलर रिकामा जातो, पाणी तिथे नळाला मिळतं. संध्याकाळी तो भरून खाली येतो, कारण टाकी रिकामी करायची जागा खाली गावाबाहेर. चढताना ओढायचं काहीच नसतं, उतरताना मागून सगळा कार्यक्रम ढकलत येतो.

कोपऱ्यात दुसरी एक गाडी होती. मातकट, उंच, एका दाराला पोचा, पुढचा बंपर हत्तीने चावल्यासारखा. सून तिच्याकडे वळली.

"ती कशाला?" व्यापारी म्हणाला. "ती जड कामाची. इंजिन दणकट, ब्रेक मोठे, पण पेट्रोल पिते पाण्यासारखं. तोफ ओढायचीय का तुम्हाला?" किंमत मात्र त्याने सांगितली, पांढरीपेक्षा थोडी कमी.

"नको नको," राजे म्हणाले. "ती सासरच्यांच्या दारात कशी उभी करणार मी?"

मी पिशवीत हात घातला होता, बयाणा द्यायला. आता काय सांगणार? खरं सांगायचं तर मघाची खुर्ची परत करायला हवी होती. तेवढ्यात सून माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, खाली उतरताना स्टिअरिंगवर मी असणार. हे नाही."

एवढंच बोलली. त्यानंतर तिने हट्टही केला नाही आणि तोंडही पाडलं नाही. माझा हात पिशवीतच राहिला.

"शेठ," मी म्हटलं, "उद्या बोट घेऊन येते. दोन्ही गाड्यांना जोडून बघू. मग पैसे."

"आई," राजे कुजबुजले, "कुठली बोट?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वीटवाल्याचा ट्रॅक्टर मागून घेतला, टाकीत काठोकाठ पाणी भरलं आणि ट्रेलर व्यापाऱ्याच्या दारात नेऊन उभा केला. राजे पायी आले, दुसऱ्या फुटपाथवरून.

व्यापाऱ्याने ट्रेलरला एक फेरी मारली. एक दार उघडलं, आत बघितलं, बंद केलं.

"मावशी, ही बोट?"

"चार केबिनची."

तो खिशातून रुमाल काढून हात पुसायला लागला. चहाही आला नाही. पण धंदेवाला माणूस, गिऱ्हाईक दारातून जाऊ देत नाही. गोदामामागे उताराचा रस्ता होता. आधी पांढरी गाडी जोडली, आणि चालवायला मी राजांनाच बसवलं. पसंती त्यांची होती. सपाटीवर ऐटीत गेले. उतार लागला तशी मागची टाकी हलली आणि गाडीला खालच्या वळणापर्यंत ढकलतच घेऊन गेली. ब्रेकचा वास वरपर्यंत आला. राजे उतरले तेव्हा त्यांचा रंग गाडीला जुळत होता.

मग मातकट गाडी आणि सून. तिने गिअर खाली टाकला, ब्रेकला जेमतेम पाय लावला आणि ते धूड बैलासारखं पावलापावलाने उतरलं. मध्येच ती मुद्दाम थांबली. ट्रेलरही थांबला.

"हीच घ्यायची," मी म्हटलं.

"मावशी, हिची किंमत आता जरा..." व्यापाऱ्याने सुरुवात केली.

"काल बोटवाल्यांना जी सांगितलीत तीच का? आम्ही तर त्यांच्यापेक्षा गरीब माणसं. कमी करा."

"काल तुम्हाला ती नको होती."

"आणि आज तुम्हाला हा ट्रेलर दारात नकोय. बघा, पलीकडून कोण गिऱ्हाईक येतंय ते. मी इथे संध्याकाळपर्यंत बसू शकते. चारही दारं उघडी ठेवून."

किंमत कालचीच राहिली. कमी नाही झाली, तेवढं खटकलं मला.

रविवारी टेकडीवर गर्दी उसळली. व्यवस्थापकाने पुढच्या महिन्याचंही पक्कं केलं, गाडीकडे मात्र बघून न बघितल्यासारखं केलं. संध्याकाळी टाकी काठोकाठ. राजे म्हणाले, ते मित्राबरोबर पुढे निघतील. मी सुनेशेजारी बसले. वळणावळणाचा उतार, एका बाजूला दरी, मागे दिवसभराची कमाई. सून गाणं लावत नाही, बोलत नाही, फक्त आरशात आणि रस्त्यात बघते. मी सीटचं कव्हर घट्ट धरून बसले होते. ते आधीच फाटलेलं होतं, आता जास्त फाटलं.

शेवटचं वळण उतरून सपाटी लागली तेव्हा कुठे तिने एक हात स्टिअरिंगवरून काढला. तळव्याचा घाम साडीला पुसला.

"पांढरी असती तर?" मी विचारलं.

"तर आपण राजांच्या आधी पोचलो असतो, आई."

आता व्यापाऱ्याकडे, गॅरेजमध्ये, कुठेही जायचं झालं की मी तिला पाठवते. राजे विचारतात, मला का नाही. मी सांगते, तू बोटीचं नाव ठरव.