फळीचं दुसरं टोक

दोघे सुतार भाऊ दहाच्या ठोक्याला प्रयोगशाळेत आले. थोरला आठ महिन्यांपूर्वी शिडीवरून पडला होता. डोक्याला मार लागला, तेव्हापासून त्याचं बोलणं बंद होतं; बसवलं की बसायचा, उठवलं की उठायचा. धाकटा दोघांच्या वाटचं बोलत होता.

"मॅडम, टोपी घातल्यावर माझं डोकं रिकामं निघालं तर बायकोला कळवू नका. तिला आधीच संशय आहे."

तंत्रज्ञ बाई हसली नाही. या प्रयोगातली ही एकोणिसावी जोडी, आणि डोकं रिकामं निघण्याचा विनोद बहुतेक जोड्यांनी केला होता. तिने दोघांच्या टोप्यांमधल्या भोकांत जेल भरलं, तारा जोडल्या, वरून हेडसेट चढवले. दोघांच्या हातात फळी धरायची एकेक मूठ दिली. आता त्या दोघांना खोलीऐवजी एक अरुंद, वाकडातिकडा बोळ दिसत होता आणि दोघांच्या मध्ये एक लांब फळी. ती भिंतीला न लावता पलीकडे न्यायची. अशा फेऱ्या सहा. त्या वेळी दोन मेंदूंतल्या लहरी किती जुळतात, हे मोजायचं.

"दादा, उचल. हं. सावकाश. अरे, डावीकडे... हां, असं."

थोरल्याचा हात उचलला गेला. पहिल्या फेरीत फळी एकतीस वेळा भिंतीला लागली. शेवटच्या फेरीत नऊ वेळा.

हेडसेट उतरवल्यावर धाकट्याने टॉवेलने आधी भावाचे केस पुसले.

"मॅडम, एक विचारू? शुश्रूषा केंद्रात दादासाठी खाट रिकामी झालीय. आजच हो-नाही सांगायचंय. बायको म्हणते, पाठवा. तिचंही चूक नाही, सगळं तीच उरकते. डॉक्टर म्हणतात, याला किती कळतं ते सांगता येत नाही. तुमचं यंत्र काय म्हणतं?"

सहभागींना आलेख दाखवायचा नाही, असा नियम होता. नियम समजावून सांगण्यापेक्षा पडदा वळवणं सोपं होतं. तिने वळवला. निळी रेघ आणि लाल रेघ एकमेकींवर बसल्या होत्या. निळी जेमतेम कडेला दिसत होती.

"हा दादा? आणि हा मी?"

"हो."

"म्हणजे तो माझ्याबरोबर होता."

"जुळतंय खरं," ती म्हणाली. इतकं जुळलेलं तिने आधी पाहिलं नव्हतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. पाणी प्यायला हवं, एवढं वाटलं.

धाकट्याने बाहेरच्या पॅसेजमधून फोन केला. तिला आत ऐकू येत होतं. "खाट नको. हो, नक्की. द्या दुसऱ्याला."

चार वाजता टोप्या धुऊन झाल्यावर तिने दोघांच्या लहरी नोंदवणारी दोन यंत्रं पुसायला घेतली आणि तिचा हात मागच्या बाजूला एका आखूड वायरला लागला. रोज सकाळी माणसं येण्याआधी या वायरने ती दोन्ही यंत्रं जोडायची, म्हणजे दोन्हींत एकच लहर जाते आणि त्यांची घड्याळं जुळली की नाही ते कळतं. मग वायर काढून ट्रेमध्ये ठेवायची. आज ती काढलीच नव्हती. दोन्ही यंत्रांनी दिवसभर एकच मिसळलेली लहर नोंदवली होती.

ती प्रयोग चालवणाऱ्या सरांच्या केबिनमध्ये गेली आणि झालेलं सांगितलं.

"जोडी बाद करा," सर म्हणाले. "त्यांना काही दाखवलं नाहीत ना?"

"दाखवलं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तुम्हीच कळवा."

धाकट्याने फोन उचलला तेव्हा मागे रंधा चालू होता. तिने वायरचं सांगितलं. तो आलेख तुमच्या दोघांचा म्हणता येणार नाही, असं सांगितलं. रंधा बंद झाला.

"खाट गेली, मॅडम. अर्ध्या तासात गेली."

"चूक माझी आहे."

तिने नोंदवही पुढे ओढली. "फळी शेवटी भिंतीला कमी लागली," ती म्हणाली. "ती नोंद वेगळी आहे. ती खरी आहे."

"ते मी सावरत होतो. दादाचं टोक कुठे जातंय ते बघून मी वळत होतो. पंचवीस वर्षं तो माझं बघून वळायचा." मग त्याने विचारलं, "पुन्हा आलो तर खरं कळेल?"

"बरंचसं."

"मग नको."

"तुम्ही विचार करून सांगा. घाई नाही."

"विचार केला. घरी सांगून झालंय, दादाला कळतं असं यंत्रात आलं म्हणून. बायकोने ऐकलं आणि त्याचं ताट वाढलं." त्याचा आवाज फोनपासून जरा लांब गेला. "दादा, सरक जरा. भुसा डोळ्यात जाईल." मग पुन्हा जवळ आला. "ठेवू का, मॅडम? सरकत नाहीये तो. हात धरून सरकवावं लागतं."

फोन बंद झाला. तिने नोंदवहीत लिहिलं : जोडी एकोणीस, बाद. कारण, यांत्रिक. पुन्हा चाचणीस नकार. आणि पाण्याची बाटली भरायला गेली.