टोपीवाल्या कोठीचं सील

मी एक जुनी कोठी आहे, मित्रांनो. खटकचिंचोळीपासून दोन कोसांवर, माळावर एकटीच उभी. माझ्या दोन गोल बुरुजांवर निमुळत्या टोप्या आहेत, म्हणून लोक मला टोपीवाली कोठी म्हणतात. निजामाच्या काळात आमचे जहागीरदार फ्रान्सला जाऊन आले. तिथल्या एका सरदाराच्या खेड्यातल्या महालाचं चित्र त्यांनी गवंड्यांपुढे ठेवलं आणि हुबेहूब तसंच घर मागितलं. फ्रान्सात बर्फ पडतो, म्हणून छपरं उतरती आणि दिवाणखान्यात मोठी शेकोटी. इथं बर्फ कुठला? तरी माझ्याही भिंतीत शेकोटी बसली. बिदरच्या उन्हात ती एकदाही पेटली नाही. धुराड्यात पारवे राहू लागले.

पुढे जहागिऱ्या गेल्या. मालक हैदराबादला निघून गेले. छप्पन साली आमचा मुलूख म्हैसूर राज्यात आला, आणि एका सरकारी साहेबानं माझ्या दाराला लाखेचं सील लावून किल्ल्या राखणदार वीरण्णाच्या हाती दिल्या. वीरण्णा रोज पायऱ्या झाडायचा. आत मात्र मी बेचैन. जीपचा आवाज आला की मी कान टवकारायची. राहायला आले की पाडायला? कुणी उतरतच नसे. माणसाविना घर म्हणजे नुसता दगडांचा ढीग. तो ढीग व्हायची मला भीती वाटे.

एकसष्ट सालच्या श्रावणात भर दुपारी एक बैलगाडी पायऱ्यांशी थांबली. गाडीत शेतकरी भीमराजची बायको कोंडाबाई कण्हत होती. दोन दिवस कळा देऊनही ती मोकळी होत नव्हती. सोबत नर्स कमलबाई होती. भालकीच्या दवाखान्याच्या वाटेवरचा ओढा फुगला होता, गाडी परत फिरली होती, आणि वर पाऊस कोसळत होता.

"वीरण्णा, कुलूप काढ," कमलबाई म्हणाली.

"सील हाय, अक्का. वरचा हुकूम न्हाई. माझी नोकरी जाईल."

"हुकूम यायला आठ दिस लागतेल. हिच्यापाशी घटकाभर बी न्हाई."

वीरण्णा किल्ल्या मुठीत धरून उभाच. तेव्हा भीमराज पुढे आला. त्याच्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती.

"अण्णा, माझ्या बापानं ह्या भिंतीचे दगड वाह्यलेत. पण उंबरा वलांडू दिला न्हाई त्याला. आता माझ्या बायकोला बी भाईरच मरू द्यायलास का?"

वीरण्णा दाराकडे वळला. मग पायरीवरचा धोंडा उचलून त्यानं सीलवर घातला. लाखेचे तुकडे उडाले, कुलूप उघडलं. "जावा आत. व्हायचं ते हुईल."

पारवे फडफडून उडाले. भीमराजनं शेकोटी पेटवली, तिच्यावर पाणी उकळलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या धुराड्यातून धूर निघाला. पाऊस उघडायच्या आत दिवाणखान्यात मुलगी रडली, आणि कोंडाबाई वाचली.

वीरण्णाची नोकरी खरंच गेली. तरी तो रोज येऊन पायऱ्या झाडत असे. गावोगावच्या बायका आता कमलबाईला शोधत इथंच येऊ लागल्या. चार महिन्यांनी चौकशीला साहेब आले, तेव्हा दिवाणखान्यात तीन बाळंतिणी होत्या.

"कुणाच्या परवानगीनं?" साहेबांनी विचारलं.

"पोटातल्या लेकरांना परवानगी कळत न्हाई, साहेब," कमलबाई म्हणाली.

साहेबांनी तिन्ही बाळंतिणींची नावं वहीत उतरून घेतली. मग जीपमध्ये बसून गेले. उन्हाळ्यात हुकूम आला: कोठीत सरकारी प्रसूतिगृह. वीरण्णालाही परत कामावर घेतलं.

आता नव्वद साल चाललं आहे. वीरण्णा राहिला नाही, कमलबाई निवृत्त झाली. माझ्या उत्तरेच्या बुरुजात पिंपळ रुजला आहे, त्याची मुळं दर पावसाळ्यात वीतभर आत सरकतात. पाहुणे येतात, टोप्यांकडे बोट दाखवून फोटो काढतात. "काय देखणी होती हो!" म्हणतात आणि जातात. होती? मला झोप लागत नाही, मित्रांनो. माझ्या देखणेपणाचं कौतुक पुरे झालं. शिडी लावा, पिंपळ उपटा, चुना भरा. आज माझ्या छताखाली अकरा बाळंतिणी निजल्या आहेत.