दोन हजार चार लिटर

"वैनी, एकवीस दिस पाणी तुटू द्यायचं न्हाई. आळ्यातलं आटलं की वरनं घाला. किडं झालं तर वाटीभर घासलेट वता, पण स्लॅब तान्हेला ठेवू नगा."

जोतिबा गवंड्याचा हा आवाज चंपाबाईंच्या कानात बत्तीस वर्षं मुक्कामाला होता. एरवी तो गप असे. आज सकाळी मात्र अंगणात दोन काळ्या टाक्या येऊन आडव्या पडल्या आणि तो आवाज उठून बसला. चंपाबाई सोप्यात तांदूळ निवडत होत्या. समोर त्यांचे मालक पायगोंडा, ज्यांना घरदार आणि गाव आप्पा म्हणे, एका टाकीच्या तोंडातून कमरेपर्यंत आत शिरून टेप लावत होते. बाहेर नुसतं धोतर आणि दोन पाय दिसत होते.

"आप्पा, छाप हाय की वर दोन हजार लिटरचा," मुलगा आर्जव म्हणाला. त्याला सांगलीला हळदीच्या पेठेत जायला उशीर होत होता.

"छाप बघून मी कुणाचं वजन घेतलं न्हाई," टाकीच्या पोटातून घुमत उत्तर आलं.

ते खरंच होतं. आप्पांची उभी नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर गेली. बैलगाडी काट्यावर चढायची, आप्पा काचेमागून बघायचे, आणि आकडा पावतीवर उतरायचा. ओळखीचा असो, भावकीतला असो, आकडा एक किलोनंही हलायचा नाही. निवृत्तीच्या दिवशी गाडीवानांनी त्यांना फेटा बांधला होता आणि एका म्हाताऱ्या गाडीवानानं सांगितलं होतं, की ह्या बाबानं माझं कधी भलं केलं नाही आणि बुरंही केलं नाही. आप्पांना त्या फेट्यापेक्षा ते वाक्य मोठं वाटलं होतं.

नात प्राची पायरीवर वही घेऊन बसली होती. आप्पांनी आतून आकडे सांगितले. निम्मा व्यास अडुसष्ट सेंटिमीटर. उंची, पाणी जिथवर चढणार तिथवर, एकशे अडतीस. प्राचीनं गुणाकार मांडला, खोडला, पुन्हा मांडला.

"दोन हजार चार लिटर."

"म्हंजे दोन टन चार किलो. लिटरला किलो." आप्पा घामानं निथळत बाहेर आले. "बघ, छापावर गेलो असतो तर चार किलो गिळली असती कंपनीनं."

"आवो आप्पा, जास्तच दिल्यात की त्यांनी."

"जास्तबी चूकच असतीय, पोरी."

आर्जव हसत गाडीला किक मारून निघून गेला. आप्पांनी दोन्ही टाक्यांचं पाणी, टाक्यांचं अंगचं वजन, खालच्या विटांच्या कट्ट्याचं वजन असं सगळं एकाखाली एक लिहिलं आणि बेरजेवर बोट ठेवलं. पाचशे किलो कट्टा धरून साडेचार टनांच्या वर जात होतं. मग त्यांनी चंपाबाईंकडे बघितलं आणि त्यांना कळेल अशा मापात सांगितलं.

"उसानं भरलेल्या दोन बैलगाड्या समज. माडीवर चढवायच्या."

चंपाबाईंच्या हातातला खडा परत तांदळातच पडला. तो शोधताना त्यांना बराच वेळ लागला.

टाक्या आणायचं कारण साधं होतं. ग्रामपंचायतीचं पाणी आधी रोज यायचं, मग दिवसाआड झालं, चैत्र लागल्यापासून चौथ्या दिवशी येऊ लागलं. अंगणातला हौद पुरेना. आणि टाक्यांची जागाही ठरल्यासारखीच होती. न्हाणीचा पाईप माडीच्या ज्या कोपऱ्यातून वर गेला होता, त्याच कोपऱ्यावर, उघड्या स्लॅबवर. खाली प्राचीची खोली होती. तिची खाट होती, टेबल होतं, भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं लिहून चिकटवलेली सूत्रं होती. महिन्यावर परीक्षा आली होती आणि पोर दिवसाचे चौदा तास त्या खोलीत असायची.

परवा साक्षी नावाची इंजिनियर पोरगी येऊन गेली होती. माहेर कोरेगावचं, नोकरी सांगलीत. आर्जवच्या मित्राची बायको. तिनं स्लॅबवर जागोजागी हातोडी वाजवून कान दिला, खालून छताला पडलेली केसाएवढी चीर बघितली, आणि मग खुर्चीत बसून एकेक विचारत गेली. साल कुठलं, सळई किती जाडीची, सिमेंटची पोती किती. आप्पांनी जुनी डायरी काढून पोत्यांच्या नंबरासकट सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, पाणी किती दिवस मारलं होतं.

"एकवीस," आप्पा म्हणाले. "आमच्यात एकवीस म्हंजे एकवीस. हिनं मारलंय."

आणि त्यांनी ताक घेऊन आलेल्या चंपाबाईंकडे बोट केलं. हे बोट गेली बत्तीस वर्षं असंच उठत आलं होतं. पाहुणा आला, सोयरिकीला कुणी आलं, पावसाळ्यात शेजारच्यांचं छत गळलं, की आप्पा मान वर करून छताकडे बघत आणि म्हणत, हा स्लॅब माझ्या पैशानं नाही, हिच्या हातानं उभा आहे. आपल्या बायकोचं तोंडभर कौतुक करणारा दुसरा माणूस त्या आळीत नव्हता. चंपाबाईंच्या जावांना त्याचा हेवा वाटे.

साक्षीनं एकवीस लिहून घेतलं होतं. जाताना म्हणाली होती, "पाणी पोटभर प्यालेला स्लॅब हाय म्हणून मी बीमवर टाक्या ठेवा म्हणते, आज्जी. न्हाईतर जमिनीपासनं लोखंडी स्टँड उभा करा म्हणून सांगितलं असतं." चंपाबाईंनी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला होता आणि आत जाऊन तो दोनदा विसळला होता.

फाल्गुनातला स्लॅब होता तो. कारखान्याचा हंगाम जोरात, आप्पा पहाटे सायकलवर जायचे ते दिवस कलताना यायचे, सूर्य बुडायच्या आत जेवायला. जोतिबानं स्लॅबवर मातीची आळी घालून दिली होती, वाफ्यासारखी. चंपाबाई तेव्हा तिशीच्या. विहिरीचं पाणी शेंदून कळशीनं जिन्यावरून वर न्यायच्या. सात दिवस त्यांनी आळी काठोकाठ ठेवली. आठव्या दिवशी सकाळी कळशी कलती करणार, तोच आळ्यातलं पाणी त्यांना हललेलं दिसलं. वारा नव्हता. त्या खाली वाकल्या. पाण्यात बारीक बारीक जीव वळवळत होते, हजारांनी. वर येत होते, श्वास घेतल्यासारखं करून खाली जात होते.

वाटीभर घासलेट. एवढंच काम होतं.

ज्या घरात पिण्याचं पाणी चौपदरी धडुत्यातून गाळल्याशिवाय कुणी ओठाला लावत नव्हतं, आणि गाळून उरलेला जीव बादलीनं अलगद विहिरीच्या पाण्यापर्यंत उतरवून सोडला जात होता, त्या घरातल्या बाईला ती वाटी उचलवली नाही. आणि पाणी तसंच ठेवावं तर रोज त्यात नवी भर. दुपारच्या उन्हात आळं आटलं तर तापल्या सिमेंटवर सगळे तडफडणार. त्यांनी पदर खोचला. आळ्यांमधलं पाणी तांब्या-तांब्यानं धडुत्यात घेतलं, ते धडुतं कळशीत हलवलं, कळशी विहिरीत सोडली. आई त्यांना लहानपणी पाणी गाळताना शिकवायची तेव्हा गुणगुणायची,

गाळिते बाई पाणी, घडी घालिते चौपदरी
जिवाला जीव देते, उतरून पायरी पायरी

तेच गुणगुणत त्या दुपारपर्यंत जिना चढत-उतरत राहिल्या. मग त्यांनी पायानं आळ्यांची माती मोडली. पुन्हा पाणी साठू दिलं नाही. कोरडा पडलेला स्लॅब उन्हात पांढरा होत गेला, पार गारगोटीसारखा. संध्याकाळी आप्पा यायच्या वेळेला त्यांनी रस्त्याकडच्या कडेला तेवढी एक कळशी ओतली, म्हणजे वळचणीतून थेंब पडताना दिसतील. आप्पांनी सायकल लावतालावता विचारलं, पाणी मारलंस? त्या व्हय म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, त्या व्हय म्हणाल्या.

पुढं ते सांगायची वेळच टळत गेली. दर वर्षी पर्युषणानंतर क्षमावाणीला सगळं गाव एकमेकांपुढं हात जोडतं. चंपाबाई आप्पांपुढं हात जोडून म्हणायच्या, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. आप्पाही तेच म्हणायचे. दोघांचे डोळे भरून यायचे. आप्पांचे का भरायचे ते त्यांना ठाऊक नव्हतं.

दुपारी चार वाजता चार गडी आले आणि त्यांनी दोर लावून टाक्या वर चढवल्या. नळाला आज पाणी येण्याचा दिवस होता. सकाळीच हौद भरून घेतला होता. प्लंबरनं जोडणी केली, मोटर लावून दिली आणि तो चहा पिऊन गेला. आप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. आधी त्यांनी एक बादली लावून बघितली होती. मोटर मिनिटाला पंचवीस लिटर पाणी वर फेकत होती. आता ते माडीवर टाकीजवळ स्टूल टाकून बसले आणि दर दहा मिनिटांनी वरून ओरडून सांगू लागले. त्यांना लय आनंद झाला होता. बारा वर्षांनी काट्यावर बसायला मिळालं होतं.

"अडीचशे किलो."

चंपाबाईंनी चुलीवरची आमटी ढवळली.

"पाचशे."

त्या प्राचीच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पोर टेबलावर वाकून लिहीत होती. डोक्यावर पंखा फिरत होता, आणि पंख्यावर ती चीर होती. चंपाबाई तिला म्हणाल्या, सोप्यात येऊन बस, वारा छान आहे. प्राचीनं मान न उचलता नको म्हटलं. वरून साडेसातशेचा आकडा आला. मग त्या म्हणाल्या, आज माझ्यापाशी झोप, मला एकटीला बरं वाटत नाही. प्राची म्हणाली, आप्पा आहेत की. मग त्या म्हणाल्या, आमटीत मीठ बघ जरा. प्राचीनं पेन ठेवलं आणि आजीकडे नीट बघितलं.

"आज्जी, तुला काय होतंय का? सकाळधरनं बघतीय मी."

"मला काय व्हायचंय."

"मग जा की. एवढं एक गणित सुटू दे."

"हजार," वरून आवाज आला. "निम्मी भरली गं."

छतावर काहीच वाजलं नाही. पाण्याला आवाज नसतो बसल्यावर. चंपाबाई चिरीकडे बघत राहिल्या. ती वाढली होती की त्यांचे डोळे पाणावले होते, त्यांना सांगता आलं नसतं. एक गाडी तिथं वर उभी राहत होती, मुंगीच्या पावलानं, आणि मालक स्वतः तिची मोजणी करत होते, एक किलो इकडं तिकडं न होऊ देता. आणि त्या सगळ्या बेरजेच्या तळाशी एक आकडा होता तो त्यांनी दिलेला होता.

"साडेबाराशे."

त्या वळल्या. न्हाणीच्या भिंतीला मोटरचं बटण होतं. ते त्यांनी दाबलं. मोटर घरघरत थांबली आणि अंगणात एकदम चिमण्या ऐकू यायला लागल्या. मग त्या प्राचीच्या खोलीत गेल्या, तिच्यासमोरची वही मिटली, तिचं मनगट धरलं आणि तिला अंगणात आणून उभी केली. पोरीनं विरोध केला नाही; आजीचा हात असा कधी लागला नव्हता.

"लाईट गेली काय गं?" आप्पा जिन्याच्या तोंडाशी आले.

"लाईट हाय. मोटर मी बंद केली."

आप्पा उतरून खाली आले. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात वही. कपाळावर आठ्या होत्या, पण राग नव्हता; हिशेब मध्येच तुटला याची चुटपुट होती. त्यांनी आधी बायकोकडे बघितलं, मग अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या नातीकडे.

"काय झालं?"

चंपाबाईंनी हात पुढं केला. त्यांनी वही दिली. सकाळच्या बेरजेच्या वर, पहिल्याच ओळीत, आप्पांच्या सुबक अक्षरात स्लॅबची सगळी कुंडली होती. चंपाबाईंना चष्म्याशिवाय अक्षर लागत नव्हतं, पण कुठला शब्द कुठं असेल ते कळत होतं. त्यांनी तिथं बोट टेकवलं.

"हितं एकवीस लिवलंय न्हवं?"

"व्हय."

"खोडा."

आप्पांनी कधी आकडा खोडलेला नव्हता. उन्हं कलली होती. जेवायची वेळ टळत चालली होती आणि आज कुणी पानं मांडली नव्हती.

"सात लिवा," चंपाबाई म्हणाल्या. "आठव्या दिवशी पाण्यात जीव दिसले. घासलेट वतवलं न्हाई माझ्यानं. सगळं गाळून हिरीत सोडलं आणि आळी मोडून टाकली. तुमी यायच्या वक्ताला कडंला एक कळशी वतायची, थेंब दिसावंत म्हणून." त्यांचा आवाज खाली आला, पण थांबला नाही. "जीव सोडले त्याचं मला काय वाटत न्हाई. आजबी तेच करीन. पण चौदा दिवस तुमी सायकल लावताना इचारत गेला, आणि मी तुमच्या तोंडाकडं बघून व्हय म्हणत गेले."