बांधावरचा चहा

"चहा घेतल्याशिवाय माझ्या रानात नांगर लागणार नाही." काकू बांधावर आडव्या उभ्या. हातात किटली.

"नको काकू. पाणी द्या," दादा ट्रॅक्टरवरूनच म्हणाला.

"पाणी गुरांना देतात."

"मला साखर चालत नाही."

"माझ्या घरची चालत नाही म्हण की! वरच्या आळीत बश्या भरभरून ओढतोस, ते कळतं हो सगळं."

"कुणाकडंच घेत नाही. आईशप्पथ!"

"मेलेल्या माउलीला कशाला मध्ये आणतोस? जा बाबा. दुसरा नांगरेल."

दादानं ट्रॅक्टर वळवला. मी, त्याचा धाकटा भाऊ, मडगार्डवर बसलेलो. त्या आठवड्यात हातचं गेलेलं हे चौथं रान.

आमच्याकडं ट्रॅक्टर रानात शिरला की चहा. रान उरकलं की चहा. मध्येच फाळाला दगड लागला, तर त्या दगडाच्या नावानं चहा. साखर अशी की ओठ चिकटावेत, कारण कमी घातली तर घर दरिद्री दिसतं. सोबत ताटलीत काहीतरी तळलेलं. अठरा वर्षं लोकांची रानं नांगरताना दादानं कुणाचा कप परत पाठवला नव्हता. बैलांमागं चालायचा तोवर पचलं. मग ट्रॅक्टर आला आणि दादा सीटवर बसला तो बसलाच.

शहरातल्या डॉक्टरनं त्याच्या पोटावरून यंत्र फिरवलं आणि विचारलं, "पिता का?"

दादा ताडकन उठून बसला. पोट चिकट, शर्ट वर.

"आमचा बाप पिऊन पिऊन मेला, डॉक्टर. मी बुचाचा वाससुद्धा घेतलेला नाही!"

"झोपा, झोपा. न पिणाऱ्यालाही होतं. तुमच्या लिव्हरला चरबी चढलीय, सूज आहे. अजून मागं फिरता येईल. साखर बंद, तळलेलं बंद, वजन उतरवा, रोज तासभर चाला. असंच चालू ठेवलंत तर ते कडक होत जाईल. मग मला नका विचारू."

वहिनीनं साखरेचा डबा माळ्यावर टाकला. दादा उजाडताच चालायला लागला.

आणि रानं गेली. एकेक करून. चहाला नाही म्हणणारा माणूस गावाला शिष्ट वाटला. ट्रॅक्टर अंगणात. सीटवर कोंबडी बसायला लागली.

"एक कप घ्यायला काय होतं?" मीच बोललो शेवटी.

"एकच असता तर नको म्हणालो असतो का रे?" दादा म्हणाला.

शेवटी गिरणीत, दळणाच्या रांगेत, त्यानं सांगून टाकलं. "शिष्टपणा नाही हो. लिव्हरचं दुखणं आहे मला."

पट्टा फिरत होता.

मग कोपऱ्यातून गावाचा नावाजलेला पिणारा उठला. सगळे त्याला डुलता मामा म्हणतात. त्यानं दादाच्या खांद्यावर हात टाकला.

"कधीपासून रे? आणि एकट्या एकट्यानं? मला एक हाक मारायची होतीस!"

गिरणी हसली. दादा नाही.

"बापाचंच रक्त," कुणीतरी हळू म्हणालं. गिरणीवाल्यानं मात्र मायेनं विचारलं, "पण आता सोडलीस ना?"

मला वाटलं, आता उसळणार. डॉक्टरपुढं उसळला होता तसा. दादा जमिनीवरच्या पिठाकडं बघत राहिला.

"सोडली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः दारात. "आधी बोलायचंस की रे! सोडायला हिंमत लागते. चल, रान तसंच पडलंय."

बांधावर तांब्याभर पाणी आलं. पुढच्या रानात पाणी. त्याच्या पुढच्या रानातही. "आग्रह करू नका त्याला, सोडलीय बिचाऱ्यानं," असं लोकच लोकांना सांगायचे. एका रानातून दुसऱ्या रानात ट्रॅक्टर मी न्यायचो. दादा मागून पायी.

दादाची मुलगी शाळेतून आली. दप्तर काढलं नाही.

"बाबा, तुम्ही पीत होता?"

"नाही."

"मग सांगा ना सगळ्यांना!"

"सांगितलं, तर चहा प्यावा लागतो बाळा."

तिला ते कळलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला काय कळणार? त्यानंतर ती महिनाभर त्याच्याजवळ बसली नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरनं पुन्हा यंत्र फिरवलं. सूज उतरली होती, वजन उतरलं होतं. "काय केलंत हो?" त्यानं विचारलं. दादा नुसता हसला.

परतताना दादा, वहिनी आणि मी फाट्यावर उतरलो. गाडी मिळाली असती, पण दादा चालायला लागला. वहिनी त्याच्या बरोबरीनं.

"विहिरीवर बायका म्हणतात, नवरा बापाच्या वळणावर गेला होता, तू सावरलंस."

"तू काय म्हणतेस?"

"काय म्हणणार? हो म्हणते. घागर भरते."

दादा थांबला. तिथंच, रस्त्याच्या मधोमध.

वहिनीनं मागं वळून पाहिलं नाही.

"थांबू नका," ती म्हणाली. "अजून तास भरला नाही."