घड्याळजींच्या जागेवर मी

मी एक सॅक. जाड कापडाची, दोन पट्ट्यांची, जन्माच्या वेळी हिरवी. आता माझा रंग कोणता म्हणायचा यावर घरात एकमत नाही. या घरच्या अल्बममध्ये मात्र माझे जितके फोटो आहेत तितके लेकीच्या बारशापासूनचे धरले तरी तिचे नसतील. मी भाव खात नाही. कोणीही मोजून बघावं.

एका तंबू शिवणाऱ्याकडे मोठा तंबू शिवून कापड उरलं, ते वाया जाऊ नये म्हणून त्याने मला शिवलं. म्हणजे मी उरल्यासुरल्यातली. तंबूचं पुढे काय झालं कोण जाणे, मी मात्र पुष्कळ डोंगर पाहिले.

मला विकत घेतलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. गल्लीत सगळे त्यांना घड्याळजी म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. त्यांचं नवीनच लग्न झालं होतं आणि नवरा-बायको दोघांनाही डोंगर चढायचं खूळ. सुट्टी लागली की निघाले. घड्याळजींच्या पाठीवर मी, माझ्या पोटात पांघरुणं, स्टोव्ह, जादा मोजे आणि सगळ्यात वर टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा.

कॅमेरा जुना घेतलेला होता. चांगला चालायचा, म्हणूनच घड्याळजींना चैन पडेना. कोणतंही यंत्र उघडून आतून बघितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्यात एक टायमर होता. तो दाबायचा, पळत जाऊन आपल्या जागेवर उभं राहायचं, दात दाखवायचे, मग फोटो निघायचा. घड्याळजींनी कॅमेरा उघडला, पुसला, तेलपाणी केलं, परत बसवला. सगळं जिथल्या तिथे आलं. फक्त टायमरला घाई झाली.

बायको म्हणाली, कॅमेरावाल्याला दाखवू या. घड्याळजी म्हणाले, बिघडलेला नाही, जरा चपळ झालाय. अख्ख्या गावाची घड्याळं वेळेवर आणणारा माणूस आपलं यंत्र दुसऱ्याकडे दुरुस्तीला नेणार? ते काही झालं नाही. वाटेतल्या कोणाच्या हातात कॅमेरा द्यायलाही त्यांची तयारी नसे, कारण लोक फोटोत शिखर कापतात, असं त्यांचं मत होतं.

मग त्यांची एक पद्धत ठरून गेली. माथ्यावर पोहोचलं की बायकोने उभं राहायचं. तिच्या शेजारी, घड्याळजींच्या जागेवर, दगड रचून त्यावर मला ठेवायचं, म्हणजे चौकटीत त्यांच्यापुरती जागा राहते. शिखर सबंध यायला हवं म्हणून ते कॅमेरा घेऊन लांब, फारच लांब जायचे. तो दगडावर टेकवून टायमर दाबायचे आणि आमच्या दिशेने धावत सुटायचे. पोहोचल्यावर त्यांनी मला उचलून बाजूला करायचं, असा बेत. मला त्यांनी एकदाही वेळेत उचललं नाही. ते अर्ध्या वाटेवर असतानाच मागून ‘टक’ व्हायचं.

रोल धुऊन आला की प्रत्येक फोटोत तेच. बायको हसतेय, शेजारी मी गंभीर, आणि पुढे कोणाची तरी धूसर पाठ, एक बूट हवेत. घड्याळजी फोटो उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, “पुढच्या वेळी थोडं जोरात पळतो.” इतक्या वर्षांत टायमर सैल करावा असं त्यांच्या मनात आलं नाही. जोरात पळण्यावरच त्यांचा सगळा भरवसा.

पुढे लेक झाली, मग गुडघे बोलू लागले, मग मी माळ्यावर गेले. तिथे माझ्या पोटात अल्बम भरून ठेवले. एके काळी पोटात स्टोव्ह वागवणाऱ्या सॅकला अल्बम म्हणजे आरामच. माणसं वर्षातून एकदा माळा आवरायला काढतात, प्रत्येक वस्तू हातात घेऊन “अरे, हे अजून आहे?” म्हणतात आणि तिथेच परत ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी घड्याळजी गेले. त्यानंतर त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, मला खाली काढून घेतलं आणि अल्बमवर अल्बम पालथे घातले. त्यांना दोघांचा एकत्र फोटो हवा होता, उशाशी ठेवायला. तोंड दिसेल असा एक. एकही निघाला नाही. लग्नातलेही फोटो घड्याळजींच्या हौशी मामांनी काढले होते, त्यामुळे त्याबद्दल न बोललेलं बरं. बाई जेवताना समोरच्या खुर्चीकडे बघत बसू लागल्या. लेकीला ते बघवेना.

तिने माथ्यावरचा सगळ्यात चांगला फोटो निवडला, बाबांचा ओळखपत्राचा फोटो घेतला आणि सगळं माझ्यात घालून फोटोवाल्याकडे गेली. त्याने कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून बघितला.

“ही पिशवी काढू,” तो म्हणाला, “आणि पुढचा हा डागही. साहेबांना इथे उभं करू.”

पिशवी. मी काउंटरवर त्याच्या समोरच बसले होते.

चार दिवसांनी फोटो चौकटीत बसून घरी आला. काम सुबक होतं. भणाणत्या वाऱ्यात बाईंचे केस उडालेले, शेजारी घड्याळजी टाय लावून, भांग पाडून, परवाना मागायला आल्यासारखे उभे. मी कुठेच नाही. डागही नाही.

बाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं.

“छान आलेत हे,” त्या म्हणाल्या. मग चौकट डोळ्यांजवळ नेऊन, “पण मग मी कोणाकडे बघून हसतेय?”

लेक वाकून फोटो बघू लागली.

“समोर कोणीच नाही गं. वेडीसारखी एकटीच हसतेय मी.” त्यांनी जुना फोटो मागून घेतला आणि त्या धूसर पाठीवर बोट ठेवलं. “हे इथे होते. कॅमेऱ्याला पाठ दिसली, तोंड माझ्याकडे होतं.”

मग त्या रडल्या. लेकही रडली. मला रडता येत नाही, पण माझीही शिवण तेव्हा कुठेतरी उसवली असावी.

आता उशाशी जुनाच फोटो आहे. कोणी भेटायला आलं की आधी मला बघतं, मग विचारतं, ही पाठ कोणाची? बाई सांगतात. लेक तर पुन्हा पुन्हा सांगायला लावते, बाबा धावताना कसे दिसायचे. बाई सांगतात, तोंड लाल, शर्ट सुटलेला, टोपी हातात, आणि डोळ्यांत असा आनंद की जणू शर्यत जिंकलीच.

सगळं खरं आहे. फक्त एक गोष्ट त्या विसरल्यात. तो चेहरा समोरून बघणाऱ्या आम्ही दोघीच, आणि मला या घरात बोलता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. कधी त्यांच्याकडे गेलात तर माझा एवढा निरोप पोहोचवा. धावताना ते दर वेळी ओरडायचे, “हलू नकोस, आलोच मी.”