चार शब्दांची आई

पालकसभा संपते, खुर्च्या सरकवल्याचे आवाज होतात आणि दाराशी घुटमळणारे एक आईवडील हमखास पुढे येतात. प्रश्न ठरलेला. "बाई, घरी आम्ही मुलाशी कोणती भाषा बोलायची?" वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनी हा प्रश्न कधी ना कधी विचारला असेल, निदान मनात तरी आणला असेल. परदेशातल्या एका शाळेत या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरामुळे काय झालं, त्याची ही हकिगत.

ती शाळा दोन भाषांची होती. सकाळी इंग्रजी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तिथली भाषा. बालवर्गाला दोन शिक्षिका होत्या. इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी, नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या. दुसऱ्या त्याच देशातल्या, निवृत्तीला टेकलेल्या. आपण त्यांना धाकट्या बाई आणि मोठ्या बाई म्हणू.

धाकट्या बाईंना आपल्या वर्गाचं फार नवल वाटायचं. चार-पाच वर्षांची मुलं, नाना देशांतून आलेली. एका डॉक्टरांचा मुलगा रंगाच्या ब्रशवरून वर्गातल्या जुळ्या बहिणींशी इंग्रजीत हमरीतुमरीवर यायचा आणि मोठ्या बाई वर्गात शिरल्या की तेच भांडण तिथल्या भाषेत पुढे चालू व्हायचं, जणू मधे काही घडलंच नाही. बाई पाहत राहायच्या. त्यांना स्वतःला ती भाषा शिकून वर्षं झाली होती, तरी टेलिफोनवर बोलताना अजून घाम फुटायचा.

एकच मुलगी बोलत नसे. तिचे वडील पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते आणि ती मंडळी कुठल्याशा तिसऱ्याच देशातून आली होती. तिच्या घरची भाषा शाळेत दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. मुलगी शहाणी होती. आपला कोट आपल्या खुंटीला लावायची, सांगितलेलं सगळं करायची. पण बोल म्हटलं की ओठ घट्ट. धाकट्या बाईंचा नवरा संध्याकाळी थट्टेने विचारायचा, "काय म्हणतात आज तुमच्या मौनीबाई?"

पहिल्या पालकसभेत तिच्या वडिलांनी तोच ठरलेला प्रश्न विचारला होता. धाकट्या बाईंनी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं होतं, "तुमची भाषा थोडे दिवस बाजूला ठेवा. घरी इंग्रजीच बोला. नाहीतर तिच्या डोक्यात गोंधळ होतो." वडिलांनी ते आईला समजावून सांगितलं. आईने अगदी मनापासून मान डोलावली.

बाईंनी हे काही दुष्टपणाने सांगितलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरीही तेच चालत होतं. पाच वर्षांच्या मुलाशी दोघं नवराबायको फक्त इंग्रजीत बोलायची. मायदेशी असलेली त्याची आजी फोनवर म्हणायची, "अगं, मी याच्याशी काय बोलू? हाय म्हणते आणि संपलं बोलणं." बाई हसण्यावारी न्यायच्या.

हिवाळा सरत आला तरी मौनीबाईंचं मौन सुटेना. मुख्याध्यापकांनी धाकट्या बाईंना बोलावून घेतलं. गृहस्थ सज्जन, पण प्रत्येक गोष्ट त्यांना चौकटीत बसलेली लागे.

"पुढच्या वर्षी तिला वरच्या वर्गात घालता येईल असं मला वाटत नाही," ते म्हणाले. "तिच्यासाठी दुसरी शाळा पाहा, असं तिच्या आईवडिलांना सांगावं लागेल. तिच्यात काही दोष आहे का, तेही त्यांनी तपासून घ्यावं."

"थोडं थांबता का?" बाई म्हणाल्या. "आम्ही एकदा तिच्या घरी जाऊन येतो."

दोघी बाई एका रविवारी दुपारी गेल्या, म्हणजे वडीलही घरी असतील. चौथ्या मजल्यावरचं लख्ख आवरलेलं घर होतं. आईने दार उघडलं आणि ती इंग्रजीत म्हणाली, "वेलकम. सिट. टी?" मग मुलीकडे वळून म्हणाली, "कम. सिट. गुड गर्ल." आणि गप्प झाली. मुलगी सोफ्याच्या टोकाला बसली, तीही गप्प. पाहुणे आलेल्या घरात एवढी शांतता धाकट्या बाईंनी कधी अनुभवली नव्हती.

शेवटी वडीलच बोलले. "तुम्ही सांगितलंत तसंच चाललंय, बाई. घरात आमची भाषा अगदी बंद. पण हिला एवढंच इंग्रजी येतं. ये, बस, खा, झोप. आधी रोज निजताना मुलीला गोष्ट सांगायची. काय काय आवाज काढायची, नकला करायची. मीसुद्धा दाराआडून ऐकायचो. आता 'गुड नाइट' म्हणते आणि दिवा घालवते."

"आणि मुलगी?"

"सुरुवातीला ती आईशी आमच्याच भाषेत बोलायची. आई तोंडावर बोट ठेवायची. मग तीही थांबली."

आईला शब्द कळले नसतील, पण विषय कळला असावा. ती बाईंकडे पाहून हसली, काही चुकत तर नाही ना, असं विचारल्यासारखी.

दोघी जिना उतरू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर मोठ्या बाई कठडा धरून दम खायला थांबल्या.

"तुम्ही मला आधीच का नाही सांगितलंत?" धाकट्या बाईंनी विचारलं.

"मला तरी कुठे माहीत होतं, तू काय सल्ला दिलास ते? आज कळलं." मोठ्या बाईंचा आवाज चढला नव्हता. "अगं, भाषा म्हणजे काय पिशवी आहे, की एक वस्तू काढल्याशिवाय दुसरी मावणार नाही? मूल बोलतं, कारण त्याला कुणाला तरी काहीतरी सांगायचं असतं. ती सांगायची हौस आईजवळ बसून येते. एकदा आली की मग ते दहा भाषांतून सांगेल. तिला एक बडबडी, नकलाकार आई होती. तुझ्या सल्ल्याने तिच्या वाट्याला चार शब्दांची आई आली."

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"हो गं. भल्यासाठीच. म्हणून तर तिने ऐकलं."

त्या रात्री जेवताना धाकट्या बाई आपल्या मुलाकडे पाहत होत्या. इंग्रजी त्यांना उत्तम यायचं. तरीही त्यांना जाणवलं, की आपण याला कधी लाडाने रागावलेलो नाही, कधी उगीच काही बरळलेलो नाही. सूचना मात्र भरपूर दिल्या.

दुसऱ्याच दिवशी त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. "तिच्या आईला वर्गात बोलवायचंय. त्यांच्या भाषेत गोष्ट सांगायला."

"ती भाषा इथे कुणाला कळणार? आपल्या शाळेच्या भाषा दोन."

"नाही कळली तर अर्धा तास वाया जाईल. तेवढा द्या. आणि तुम्हीही या."

आई आली ती कोटाची बटणं चाचपतच. मुलं गालिच्यावर गोल बसली होती. मुख्याध्यापक दाराला टेकून उभे राहिले. आईने एकदा बाईंकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि ती आपल्या भाषेत बोलू लागली. पहिली दोन वाक्यं अडखळत. मग तिने बकरीसारखा आवाज काढला, पाठोपाठ एक दणदणीत शिंक दिली, आणि सगळा वर्ग खिदळला. आतापर्यंत चार शब्दांत मावणारी ती बाई हातांनी, भुवयांनी, सगळ्या अंगाने बोलत होती.

"पुढे काय झालं?" जुळ्यांपैकी एक अधीर होऊन म्हणाली. "बकरी का शिंकली?"

तेवढ्यात मुलगी उठली. आईच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "ती लपली होती. लांडगा आला होता. तिला शिंक आवरत नव्हती."

सगळी मुलं तिच्याकडे वळली. मुलीने मागच्या बाजूला पाहिलं. तिथे काही मुलं इंग्रजीत कच्ची होती. त्यांच्यासाठी तिने तेच तिथल्या भाषेत सांगितलं. मोठ्या बाई जशा शब्दांवर जोर द्यायच्या, अगदी तसाच जोर देत!

मग आई एक वाक्य बोले आणि मुलगी ते दोन भाषांत मांडी. कुठे क्रियापद चुकलं, कुठे शब्द मागेपुढे झाला, पण गोष्ट अडली नाही. इतके महिने ती गप्प बसून दोन्ही भाषा कानांत साठवत होती. ज्या मुलीत दोष शोधायचा होता, ती तीन भाषांच्या मधे उभी राहून सगळ्यांना हात देत होती.

एकदाच ती थांबली. आईला एक शब्द पुन्हा विचारला. छताकडे पाहिलं.

"याला इथे शब्द नाही," ती बाईंना म्हणाली. "म्हणजे, कुणीतरी झोपून उठलंय, पण ती जागा अजून गरम आहे. तशी जागा. बकरी तिथे जाऊन झोपली. तिच्या आईच्या जागेत."

दाराजवळ मुख्याध्यापकांनी चष्मा काढून हातात घेतला होता. ते पुढे आले आणि सगळ्या मुलांदेखत त्यांनी त्या मुलीला विचारलं, "तो शब्द मला परत सांगशील?" तिने सांगितला. त्यांनी उच्चारला, चुकीचा. मुलं हसली, तीही हसली. दुसऱ्या शाळेचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मुलं खेळायला गेल्यावर धाकट्या बाई तिला म्हणाल्या, "आईला सांग, मी त्यांना चुकीचं सांगितलं होतं. त्यांनी घरी त्यांच्याच भाषेत बोलावं. मला माफ करावं."

मुलीने सांगितलं. आई बराच वेळ बोलली, मधे डोळे पुसले, हात हलवले. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि थोडक्यात आटपलं. "आई म्हणते, चहाला परत या. या वेळी ती बोलणार आहे."

त्या संध्याकाळी धाकट्या बाई आपल्या मुलाशी मराठीत बोलल्या. "काय रे, आज काय काय उद्योग केलेस?" त्याने गोंधळून इंग्रजीत विचारलं, "आई, तू असं का बोलतेस?" त्याला निम्मं कळलं नाही. पुढचे काही महिने कळलं नाही. मधे मधे तो चिडला, कंटाळला. पण बाईंनी नेट सोडला नाही आणि हळूहळू पोरगं आजीला फोनवर उलट उत्तरं देण्याइतकं तयार झालं. आजी तक्रार करायची, ती मात्र अगदी खुशीत.

वाचकहो, परदेशी जायलाच हवं असं नाही. आपल्या शेजारच्या घरातही हेच चाललेलं असतं, कदाचित आपल्याही. मुलाच्या भल्यासाठी आपण आपली भाषा गिळतो आणि तिच्याबरोबर आपल्या थापा, आपल्या नकला, आपला राग आणि आपली माया गिळून टाकतो. मग मुलासमोर उरतो तो फक्त सूचना देणारा एक माणूस. मुलाला भाषा कितीही शिकवा. जगातल्या सगळ्या शिकवा. पण त्यासाठी त्याची आई मुकी करू नका, त्याचा बाप मुका करू नका.

पुढच्या वर्षीच्या पालकसभेनंतर एक नवे वडील दाराशी घुटमळले. धाकट्या बाईंनी त्यांना प्रश्न पुरा करू दिला आणि म्हणाल्या, "तुमचीच बोला. भरपूर बोला. भांडलात तरी त्याच भाषेत भांडा."

"मग इंग्रजीचं कसं?"

"ते आम्ही बघू. तेवढं आम्हाला येतं. तुमचं काम मात्र आमच्याच्याने होणार नाही."