बाईंच्या हातचा नारळ

नव्या शाळेच्या उद्घाटनाला दोन दिवस राहिले आणि शिरूरच्या कर्णेवाल्याचा निरोप आला: त्या दिवशी दौंडला बडं लग्न आहे, कर्णा मिळणार नाही. पंचायतीत सगळ्यांची तोंडं एवढीएवढीशी झाली. भीमाकाठच्या चार वस्त्यांची माणसं येणार, पंचायत समितीचे सभापती येणार, आणि बोललेलं पुढच्या दोन ओळींपलीकडं जाणार नाही!

"आपली म्हाळसा हाय की," सरपंच पोपटराव म्हणाले. "ही पोरगी हितनं बोलली तर पार खुटबावात म्हशी उठून उभ्या ऱ्हातील."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं म्हाळसाच हसली. चौदाव्या वर्षी सरपंचांनी भर पंचायतीत आपली थट्टा करावी, म्हणजे केवढा मान! कार्यक्रम पुकारायचं काम तिच्याकडं आलं.

हा आवाज काही ती जन्माला येताना घेऊन आली नव्हती. तिसरीपर्यंत म्हाळसा म्हणजे नुसती मान हलवणारी बाहुली. शाळा तेव्हा चर्चला लागून असलेल्या मिशनच्या खोलीत भरायची. खोली एक, इयत्ता चार आणि शिकवायला एकट्या कृपाबाई. दारात रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. बाईंचे मालक दानिएलमामा दौंडला रेल्वेत होते, त्यांनी तो कधीतरी आणून दिलेला. त्यावर लोखंडी कांब आपटली की शाळा भरली.

या कृपाबाईंनी म्हाळसाला एक दिवस धरून पोपटरावांच्या विहिरीवर नेलं. विहिरीवर इंजिन फटफटत होतं. इंजिनाजवळ म्हाळसा पुस्तक घेऊन उभी, आणि बाई लांब बांधाच्या टोकाला. म्हाळसा वाचायची आणि बाई कानामागं हात धरायच्या. म्हणजे ऐकू येत नाही, आणखी मोठ्यानं. महिनाभर रोज हेच. मग एका संध्याकाळी बाईंनी कानामागचा हात खाली घेतला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून म्हाळसा जी बोलायला लागली ती लागलीच.

पुढं पाटाचं पाणी आलं, उसाबरोबर वस्त्या वाढल्या आणि पोरं त्या खोलीत मावेनाशी झाली. तिसरी चर्चच्या पायऱ्यांवर बसायची, चौथी बाभळीखाली. पाचवीला मात्र चालत वडगाव रासाईला जायचं, आणि तेवढं लांब पोरींना पाठवणार कोण? म्हाळसाबरोबर चौथी झालेल्या नऊ पोरींपैकी आठ घरी बसल्या. म्हाळसा तेवढी गेली, ते बाईंनी तिच्या आईपुढं चार दिवस ठाण मांडलं म्हणून.

आता गावातच सातवीपर्यंतची शाळा झाली होती. पाच खोल्या, दगडी जोतं, वर मंगलोरी कौलं. गावानं वर्षभर श्रमदान केलं होतं. म्हाळसानं स्वतः नदीतून वाळूच्या पाट्या वाहिल्या होत्या. सातवीच्या पहिल्या वर्गात ती बसणार होती, आणि घरी बसलेल्या आठांपैकी तीन पोरी पाचवीला यायच्या होत्या.

एकच काटा होता. शाळा मोठी झाली म्हणजे हेडमास्तर वरून येणार, आणि मग बाईंची बदली कुठंही होणार, अशी कुजबुज होती. पण पोपटरावांनी शब्द दिला होता. "सभापती समोर बसल्याले असतील. मी भाषणात उभ्या गावादेखत म्हणनार, बावीस वर्सं ज्यांनी ही शाळा ओढली, त्या बाईच आमाला हेडमास्तर पायजेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या की सभापती न्हाई म्हनायचे न्हाईत."

एवढं एक वाक्य. त्या वाक्यावर सगळं होतं, आणि ते नक्की होणार होतं. म्हाळसाला तेवढ्यावर राहवलं तर ना!

कार्यक्रमाचा कागद लिहिताना तिच्या डोक्यात ते आलं. कागदावर होतं, 'श्रीफळ वाढवणे: सरपंच'. तिनं सरपंच खोडलं आणि तिथं कृपाबाई लिहिलं. सगळ्या गावादेखत बाईंनी नारळ फोडला, तर मग त्यांना हलवायची कुणाची छाती होईल?

"बाईमानूस नारळ फोडतं व्हय कुठं?" शाळा समितीचे सर्जेराव उसळलेच.

"का न्हाई, आप्पा?" म्हाळसानं कमरेवर हात ठेवले. "वाळू वाहताना बाईमानूस चालतं. जमीन सारवताना चालतं. मग नारळालाच काय झालं?"

"अगं, पन रीत हाय."

"सातवीपर्यंत पोरींनी शिकायचं, ही तरी कुठं रीत होती?"

पंचायतीत हशा पिकला. सर्जेरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. पोपटराव तर खूशच झाले. "पोरीला डोस्कं हाय, सर्जेराव. माझा मान मी बाईंना दिला, जा! पन बाईंना आत्ताच सांगू नगा. ऐन वक्ताला पुकारा."

बाईमाणसानं नारळ फोडावा की नाही, यावर दोन दिवस गावात घरोघरी भांडणं झाली; बाई दिसल्या की तेवढा विषय बदलायचा. शेजारच्या अनसाबाईंनी पाण्यावर म्हाळसाशी बोलणं टाकलं. आणि म्हाळसा प्रत्येकाला पुरून उरली. नदीवर, गिरणीत, पारावर, जिथं भेटेल तिथं ती वाद घालायची आणि जिंकायची. जिंकण्यात एवढी गुंग झाली की ज्यांच्याकरता हे चाललं होतं, त्यांना विचारायचं असतं हे तिच्या मनाला शिवलं नाही.

तिला माहीत नव्हतं, असं तरी कसं म्हणावं? दर संक्रांतीला कृपाबाई तिच्या घरी यायच्या. तिळगूळ घ्यायच्या, गोड बोलायच्या, आणि आई कुंकवाची कोयरी पुढं करायची तेव्हा हसून हात जोडायच्या. आईही कोयरी मागं घ्यायची. म्हाळसानं हे दहा वेळा तरी पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि तरी त्या दिवशी आठवलं नाही. तिला नाही आणि गावातल्या एकालाही नाही. बाई लग्नात पंगतीला असायच्या, मयतीला दारात असायच्या, कुणाच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू पाठवायच्या. बावीस वर्षांत त्या इतक्या गावच्या झाल्या होत्या की त्यांचा देव वेगळा आहे, हे गाव विसरूनच गेलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी म्हाळसानं तेल लावून चापूनचोपून दोन वेण्या घातल्या. नव्या इमारतीला आंब्याची तोरणं लागली होती. दारात सरस्वतीची तसबीर, पुढं समई, त्यापुढं धुतलेला दगड. कृपाबाई निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून पोरांच्या रांगेशेजारी उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेला रुळाचा तुकडा होता. नव्या शाळेला तो त्या भेट देणार होत्या.

म्हाळसा पायरीवर चढली आणि तिनं शेवटल्या माणसाला ऐकू जाईल असं पुकारलं, "आता आपल्या शाळेचं श्रीफळ वाढवतील, बावीस वर्षं आपल्याला शिकवणाऱ्या आपल्या कृपाबाई!"

टाळ्यांचा गजर झाला. बाई दचकल्या. पोरांनी त्यांना पुढं ढकलत आणलं, आणि पोपटरावांनी हळदकुंकू लावलेला नारळ दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला. "फोडा बाई. आज मान तुमचा."

बाई नारळाकडं पाहत राहिल्या. तसबिरीकडं पाहिलं. मग म्हाळसाकडं.

"म्हाळसा, हे माझ्याच्यानं नाही व्हायचं गं," त्या हळूच म्हणाल्या.

"व्हतंय बाई, काही न्हाई," म्हाळसा कानाशी कुजबुजली. "जरा जोरानं आपटा, पहिल्या झटक्यात फुटंल."

तिला वाटलं, बाईंना हातातल्या जोराची काळजी आहे! पुढं कित्येक दिवस हे आठवलं की तिचे कान तापायचे.

बाईंनी नारळ कपाळाला नाही, पण छातीशी धरला. मग पोपटरावांपुढं केला. "आबा, तुम्ही मला फार मोठं केलंत. पण हा नारळ तुमच्याच हातचा शोभेल. माझ्या धर्मात हे नाही. मी पोरांकडून प्रार्थना म्हणून घेते, ती तुमच्यासाठीच असेल."

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. सभापती खुर्चीत सरळ बसले. पोपटरावांचे हात पाठीमागं होते, ते पुढं आलेच नाहीत. सोडलेला मान भर सभेत परत आला होता.

"हातातला नारळ परत देत्यात व्हय?" बायकांतून अनसाबाईंचा आवाज आला. "वास्तूला अपशकुन झाला की गं!"

सर्जेरावांनी पुढं होऊन बाईंच्या हातातून नारळ घेतला आणि दगडावर आपटला. पहिल्याच झटक्यात फुटला. आत पांढराशुभ्र होता, पण पाहिला कुणी?

मग पोपटरावांचं भाषण झालं. म्हाळसा पायरीवर उभी राहून एकेक शब्द मोजत होती. त्यांनी सभापतींचे आभार मानले, श्रमदानाचं सांगितलं, पाटाचं सांगितलं, कौलांचंसुद्धा सांगितलं. आता म्हणतील, आता म्हणतील, म्हणून तिनं श्वास धरून ठेवला. पोपटराव "जय हिंद" म्हणाले आणि खाली बसले.

ते वाक्य आलंच नाही.

संध्याकाळी म्हाळसा मिशनच्या खोलीवर गेली. बाई एकट्याच फळा पुसत होत्या. रुळाचा तुकडा पोत्यातच होता. तो द्यायचं राहूनच गेलं होतं.

"बाई, नुसता हात लावला असता तरी चाललं असतं," ती रडतच म्हणाली. "कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं," बाई म्हणाल्या. "अगं, तुमची ती पूजा आहे. मनात नसताना मी नुसत्या हातानं केली असती, तर तुमच्या देवाशीही खोटं आणि माझ्या देवाशीही."

"मी तुम्हाला आधी विचारलं असतं तर?"

बाईंनी फडकं झटकलं. "तर मी म्हटलं असतं, नारळ आबांना फोडू दे, मी रुळावर पहिला ठोका देते," त्या म्हणाल्या. "रडू नकोस. चूक माझीही आहे. तुम्ही विसरलात, ते मला आवडायचंच."

एवढं सोपं होतं सगळं. एवढं सोपं!

पोपटराव पंधरा दिवस घुश्श्यात होते. सोळाव्या दिवशी राग उतरला. "पोरी, मीबी इसरलोच की," असं म्हाळसापाशी कबूल करून ते स्वतः तालुक्याला गेले, पण तोवर वरून नव्या हेडमास्तरांच्या नेमणुकीचा हुकूम निघाला होता. बाईंनीही अर्ज देऊन टाकला होता, दौंडजवळ बदली मागणारा. दानिएलमामा इतकी वर्षं दौंडला एकटेच खोलीत राहत होते. आता तरी एकत्र राहू, असं त्या सगळ्यांना हसून सांगत होत्या.

एसटीवर पोहोचवायला सगळी शाळा आली. पोपटरावांनी ट्रंक उचलून टपावर चढवायला दिली. अनसाबाईंनी डोळ्याला पदर लावत भाकरीचं फडकं हातात दिलं. म्हाळसाला मात्र पुढं जाववेना. रात्रीतून तिनं केवढं काय काय ठरवून ठेवलं होतं, आणि आता घशातून साधा हुंकार निघत नव्हता.

गाडी सुरू झाली. बाई मागल्या खिडकीत होत्या. त्यांनी म्हाळसाकडं पाहिलं, आणि बांधाच्या टोकाला उभ्या राहायच्या तसा कानामागं हात धरला.

"बाई!" म्हाळसा ओरडली. "मी विचारायला पायजे होतं, बाई!"

पण इंजिनानं आवाज धरला होता आणि गाडीमागं धुरळा उठला होता. ती रस्त्यावरनं धावली, पुन्हा ओरडली. धुरळ्यातून तिला खिडकी दिसली. बाईंचा हात अजून कानामागंच होता. गाडी वळली, तेव्हाही तिथंच होता.